टब नंतर, आधी गर्डर : १९३७ च्या घरातलं बाथरूम जुन्या वळणाने करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यातल्या एरंडवण्यात आजोबांनी १९३७ साली बांधलेलं, तळमजला आणि वर एक मजला असं घर आहे. वरच्या मजल्यावरचं मागचं बाथरूम नव्याने करायचंय, पण घराला शोभेल असं, जुन्या वळणाचं. मनात पायांचा टब, काळी-पांढरी बुद्धिबळी फरशी आणि पितळी शॉवर आहे. ठेकेदार म्हणतो, सगळं फोडू, जमीन सहा इंच उचलू, पाइप भिंतीत गाडू, छतापर्यंत टाइल लावू. खाली स्वयंपाकघर आहे आणि त्याच्या छताला 'थोडी ओल' दिसते. शहात्तर वर्षांच्या आई हेच बाथरूम वापरतात. तुम्ही विचारताय, टब कुठला घ्यावा आणि सध्याची लाल जमीन ठेवावी का.

ओलीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, पण माझ्या लेखी तुमचा खरा प्रश्न तोच आहे. पाणी कुठून कुठे जातंय हे कळल्याशिवाय एकही टाइल निवडू नका. आणि बाथरूमचं रूप व घराची ओल ही दोन कामं वाटतात तितकी वेगळी नाहीत. त्या काळच्या गवंड्याने आणि नळवाल्याने जे केलं, त्यातलं बरंचसं पाणी भिंतीत मुरू नये म्हणूनच केलं होतं. त्यांची पद्धत नीट पकडली की रूप बरंचसं आपोआप येतं. रूप जुनं आणि आतली पद्धत मात्र आजच्या फ्लॅटची, असं केलं की काही पावसाळ्यांत पोपडे धरायला लागतात. जुन्या घरांची कामं करताना हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता घरात शिरल्यावर आधी बाथरूमच्या मागची भिंत बघतो.

घर मी पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील. वरची जमीन नेमकी कशावर उभी आहे, बाथरूमच्या किती भिंती बाहेरच्या आहेत, आणि हे घर अजून किती वर्षं असंच राहणार आहे. शेवटचा मुद्दा आगाऊपणाचा वाटेल, पण पुण्यात तो विचारावाच लागतो. चुलत भावंडांच्या सह्या होऊन घर चार-पाच वर्षांत बिल्डरकडे जाणार असेल, तर गळती बंद करा, चुना मारा आणि पैसे वाचवा. पुढे लिहितोय ते घर राखायचंच ठरलेल्यांसाठी. घर महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का, तेही हेरिटेज सेलमध्ये एकदा विचारून घ्या. आतल्या दुरुस्तीलाही काही ठिकाणी आधी कळवावं लागतं. भाडेकरू असाल तर मालकाची लेखी संमती आधी.

आता जमीन. त्या काळच्या डेक्कन, एरंडवण्याकडच्या घरांत वरचा मजला बहुधा तीन प्रकारांत सापडतो : सागवानी तुळया आणि वर फळ्या, लोखंडी गर्डर आणि त्यांच्यावर दगडी फरश्या, किंवा सुरुवातीच्या काळातला आरसीसी स्लॅब. ओल्या जागेखाली गर्डर-फरशी टाकायची पद्धत चांगलीच रुळली होती. स्वयंपाकघरात उभं राहून छताकडे बघा. दर दोन-अडीच फुटांवर समांतर, सरळ तडे किंवा तांबूस रेघा दिसत असतील तर तिथे गर्डर आहे आणि तो गंजतोय. लाकडी दस्त्याने गिलाव्यावर ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर गिलावा सुटलाय.

जिथे बद्द वाजतं तिथला हातभर गिलावा काढायला लावा. हे काम स्वतः उभं राहून करून घ्या. गर्डरची खालची पट्टी उघडी पडेल. गंज वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने निघतो आणि खाली करडं, घट्ट लोखंड दिसतं. पापुद्रे सुटत असतील, पातळ छिन्नी मध्ये घातल्यावर पानं निघावीत तसे थर निघत असतील, तर मात्र थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे बघणाऱ्याला पट्टी फुगून जाड झालेली दिसते. आत शाबूत लोखंड किती उरलंय हे गंज झाडून, व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावून मोजल्याशिवाय कळत नाही. मला दिसलेली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे अशा छताखाली मारलेलं पीओपीचं फॉल्स सीलिंग. वर गर्डर खंगत असतो आणि खाली झुंबर लटकतंय.

गळती शोधायला यंत्रं लागत नाहीत, चिकाटी लागते. आधी एक रात्र बाथरूमचे सगळे नळ बंद ठेवून गच्चीवरच्या टाकीची पातळी खुणेने बघा. घरात कुणी पाणी न वापरता ती उतरली तर दाबाच्या पाइपात भोक आहे. ती उतरली नाही तर सांडपाण्याच्या जाळीचं तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करा, जमिनीवर इंचभर रंगीत पाणी भरा आणि चोवीस तास ठेवा. रंग खाली आला तर दोष जमिनीत किंवा जमीन-भिंतीच्या सांध्यात. नाहीच आला तर बोळा काढून पाणी सोडा. आता खाली उतरलं तर ट्रॅपचा (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीचा) किंवा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाइपाचा सांधा गेलाय. जुन्या बिडाच्या पाइपांचे सांधे सुतळी आणि शिसं ठोकून केलेले असतात. ते वर्षानुवर्षं टिकतात, पण शेजारी कुणी घणाचे घाव घातले की हलतात. म्हणून तोडफोड करायच्या आधी ही तपासणी. नंतर केली तर मूळ दोष कुठला आणि घणाने झालेला कुठला हे सांगता येणार नाही.

ठेकेदाराच्या 'सहा इंच उचलू' या वाक्याचा हिशेब करू. आजच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब मुळातच खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. तुमच्या घरात तो खड्डा नाही, म्हणून तो जमीन वर घेणार. पाच बाय आठ फुटांच्या बाथरूमवर सहा इंच कोबा म्हणजे वीस घनफूट, आणि त्याचं वजन साधारण एक टन. तेही ओल खाल्लेल्या गर्डरवर. शिवाय दारात पायरी होणार, आईंना रोज ती चढावी-उतरावी लागणार, आणि जुन्या सागवानी दाराची खालची फळी कापावी लागणार.

टबाचं उत्तरही यातच आहे. खरा बिडाचा टब सव्वाशे-दीडशे किलोचा, त्यात दीड-दोनशे लिटर पाणी, वर माणूस. चारशे किलोच्या आसपासचं वजन चार छोट्या पायांवर. अॅक्रिलिकचा टब हलका असतो, पण पाणी तेवढंच. त्यात तुमच्याकडे वापरणाऱ्या आई आहेत. टबाच्या काठावरून पाय टाकून आत जाणं त्यांच्या वयात मला मान्य नाही. आणि जुन्या वळणाचंच म्हणाल, तर कॅम्पातल्या साहेबी बंगल्यांत टब असत. एरंडवण्यातल्या मध्यमवर्गीय घरात आजोबा पाटावर बसून, घंगाळातलं पाणी तांब्याने घेऊन आंघोळ करत. टब आणला तर तो दुसऱ्याच घराचा जुना काळ होईल.

मग तुमच्या घराचा जुना काळ कसा होता? बहुधा असा : न्हाणीघर आणि संडास वेगवेगळे, संडास अगदी मागे, त्याला बाहेरून वेगळं दार किंवा लोखंडी गोल जिना. तो जिना मैला साफ करायला येणाऱ्यांसाठी होता, हे आठवून पाहा. जुन्याचं सगळंच गोड मानायचं कारण नाही. न्हाणीघरात एका कोपऱ्यात चार इंची कठड्याची मोरी. जमीन लाल किंवा करड्या सिमेंटची, घोटलेली, नाहीतर शहाबादी. भिंतीला कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत सहा बाय सहा इंचाच्या पांढऱ्या ग्लेझ टाइल, वर काळी किंवा हिरवी बारीक किनार. बऱ्याचशा इंग्लंड-जपानहून आलेल्या. त्याच्यावर चुन्याचा गिलावा आणि पांढरा चुना. उंचावर दोरीने उघडणारं व्हेंटिलेटर. बिडाच्या ब्रॅकेटवर बेसिन. आणि सगळे पाइप भिंतीच्या बाहेर, क्लॅम्पवर, डोळ्यांसमोर.

हे पाइप बाहेर असणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चुन्यात बांधलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीत आडव्या झिऱ्या (पाइपासाठी खाचा) मारल्या की भिंत कमजोर होते, आणि कटरच्या हादऱ्याने शेजारच्या दर्जा (विटांमधले चुन्याचे सांधे) खिळखिळ्या होतात. शिवाय गाडलेला पाइप पाझरला तर चुन्याची भिंत ते पाणी मुकाट्याने पिते. कळतं तेव्हा पलीकडच्या खोलीत कपाटामागे बुरशी आलेली असते. बाहेरचा पाइप पाझरला तर त्याच दिवशी दिसतो आणि पाना लावून दुरुस्त होतो. तेव्हा पाइप भिंतीपासून इंचभर सुटे, सरळ ओळंब्यात, नीट क्लॅम्पवर. प्लास्टिकचा पाइप उघड्यावर बेंगरूळ दिसतो आणि गरम पाण्याने झोळ खातो. तांब्याचा घ्या, वेल्डिंगवाल्याऐवजी ब्रेझिंग (तांब्याचे सांधे डाग देऊन जोडणं) येणारा माणूस शोधा. एसीची कामं करणाऱ्यांत तो सापडतो. एक पथ्य : तांब्याच्या पाइपातून आलेलं पाणी पुढे जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात सोडू नका, जीआय झपाट्याने खातो. जीआय काढायचा तर टाकीपासून सगळाच काढा.

आणि जीआय काढताना इलेक्ट्रिशियन जागेवर हवाच. जुन्या पुष्कळ घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या पाइपालाच बांधलेली असते. पाइप बदलला किंवा मध्ये प्लास्टिकचा तुकडा आला की घराचं अर्थिंग गेलं, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही, गीझरला हात लागेपर्यंत. नवं अर्थिंग, तीस मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि गीझरसाठी स्वतंत्र तार, यात घासाघीस नको. काळ्या बॅकेलाइटसारखी दिसणारी गोल बटणं आज नवी मिळतात. मूळची जुनी बटणं मात्र काचेच्या कपाटात शोभतात, ओल्या खोलीत नाही.

भिंतींबद्दल. १९३७ मध्ये सिमेंट होतंच. अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही सिमेंट कंपनी झाली ती १९३६ साली. पण भिंतींची बांधणी आणि गिलावा त्या काळी बऱ्याच घरांत चुन्यातच चाले आणि सिमेंट जमिनीला वापरत. तुमची लाल जमीनही तशीच असणार. चुन्याची भिंत ओल घेते आणि वाळताना सोडते. तिला दोन्ही बाजूंनी कोंडलं, म्हणजे आत छतापर्यंत टाइल आणि बाहेर प्लास्टिक पेंट, तर आत शिरलेल्या पाण्याला वाटच उरत नाही. मग क्षार फुलतात आणि गिलावा पिठासारखा गळतो. म्हणून टाइल चार फुटांपर्यंत, फक्त शॉवरच्या कोपऱ्यात साडेसहा फुटांपर्यंत. वर चुना. जुन्या काळचं रूप आणि भिंतीची गरज इथे एकच आहे. भिंत बाहेरची असेल तर बाहेरचा प्लास्टिक पेंटही काढावा लागेल. मधली भिंत असेल तर इतकी काळजी नको.

टाइल लावायच्या पट्ट्यात जुना चुन्याचा गिलावा विटेपर्यंत काढा. त्याच्यावरच सिमेंट थापलं तर काही वर्षांत टाइलसकट सुटून येतं. दर्जा अर्धा इंच कोरा, पाणी मारा आणि एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा गिलावा करा. निव्वळ सिमेंटचा कडक गिलावा मऊ विटेशी जमवून घेत नाही. वरच्या भागात चुना, वाळू आणि विटेची सुरखी (भुकटी), शेवटी नीरूचा, म्हणजे गाळलेल्या बारीक चुन्याचा, हात. चुन्यात गूळ, हिरडा घालणारे कारागीर अजून आहेत. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चुना आधी नीट भिजवून मुरलेला हवा आणि लावल्यावर तो घाईने वाळता कामा नये. चैत्रातल्या उन्हात तडे जातात, श्रावणात वाळतच नाही. दसरा ते होळी हा काळ धरा.

जमिनीवर परत येतो, कारण तिथेच पैसे घालायचे आहेत. लाल जमीन ठेवायची का? रंगीत पाण्याच्या चाचणीत ती पास झाली आणि गर्डर ठणठणीत निघाले, तर कोरड्या भागात ठेवा. बारीक केसासारखे तडे म्हणजे दोष नव्हे, तिचं वय आहे. मेणाने घोटली की रंग उजळतो. तुकडा जोडायला जाऊ नका. नवा लाल कधीच जुन्या लालात मिसळत नाही. गेलेल्या पट्टीत सरळ काळ्या कडप्प्याची किनार घाला, मुद्दाम केल्यासारखी दिसते.

चाचणीत नापास झाली तर ती आणि खालचा जुना कोबा काढायलाच हवा. हळू, छिन्नीने, ब्रेकर नको. खाली दगडी फरश्या लागतील. त्यांच्या दर्जा साफ करून भरा, वर पातळ, जाळी घातलेला थर, उताराला फुटाला किमान पाव इंच. मग सिमेंटमध्ये पॉलिमर असलेलं वॉटरप्रूफिंग, दोन हात, एकमेकांना आडवे, भिंतीवर फूटभर चढवून. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात आधी गोल वाटा (कोपरा गोलसर करणारी सिमेंटची पट्टी) मारून घ्या; काटकोनात थर चिरतो. त्यावर पुन्हा चोवीस तासांऐवजी अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवा आणि खाली स्वयंपाकघरात जाऊन बघा. ही चाचणी झाल्याशिवाय पुढचे पैसे द्यायचे नाहीत, असं ठेकेदाराकडून आधीच लिहून घ्या. गर्डरची खालची बाजू तोवर उघडी ठेवा. गंज काढून झिंक फॉस्फेटचा प्रायमर आणि त्यावर इपॉक्सी रंग, आणि पुढेही छत उघडंच. स्वयंपाकघरात रंगवलेले गर्डर छान दिसतात, आणि दरवर्षी नजर टाकता येते.

एवढ्या कमी जाडीत सांडपाण्याचे पाइप कसे बसवायचे, हा ठेकेदाराचा खरा पेच आहे आणि तो रास्त आहे. उपाय : पाणी खाली न नेता आडवं, थेट मागच्या भिंतीतून बाहेर काढा. कमोड जमिनीवर बसणारा, पण पी ट्रॅपचा, म्हणजे त्याचं तोंड मागे भिंतीत जातं. एस ट्रॅपला जमिनीत भोक पाडावं लागतं, आणि गर्डर-फरशीत ते भोक नेमकं गर्डरवर येण्याची शक्यता फार. मोरीची जाळीही बाजूने बाहेर जाणाऱ्या ट्रॅपची. हा ट्रॅप निदान पन्नास मिलिमीटर पाणी धरणारा असावा, नाहीतर उन्हाळ्यात गावाला गेलात की पाणी आटून घरभर वास. हे सगळं मागच्या भिंतीवरच्या उभ्या पाइपात जाईल. तो चार इंची बिडाचाच ठेवा, वर छपरापलीकडे हवेला तोंड ठेवून. भिंतीवर टांगलेला कमोड मात्र नको. त्याला भिंतीत लोखंडी चौकट आणि दडवलेली टाकी लागते. जुन्या विटेला तो छळ आहे. उंचावरची, साखळीची टाकी नव्याने बनवलेली मिळते. आवाज करते, पण घराला शोभते. आईंच्या हाताला साखळी पुरते का, ते बघून उंची ठरवा.

आतापर्यंतचं जोडून सांगायचं तर : गर्डर बघा, गळती शोधा, जमीन न उचलता पातळ वॉटरप्रूफिंग करा, पाइप बाहेर ठेवा, टाइल चार फुटांवर थांबवा. टब नाही. रूपाचं आता.

काळी-पांढरी बुद्धिबळी फरशी चुकीची नाही, त्या काळात ती होतीच, पण दिवाणखान्यात आणि व्हरांड्यात जास्त. तुमच्या घरात इतरत्र सिमेंटच्या नक्षीच्या टाइल असतील तर त्यांचाच एखादा रंग उचला. अशा टाइल मुंबईची भारत टाइल्स १९२२ पासून करते आहे आणि आजही मिळतात. फक्त लक्षात घ्या, या टाइल भाजलेल्या नसतात. दाबून, पाण्यात मुरवून केलेल्या असतात आणि रंगाचा थर वर काही मिलिमीटरच असतो. त्यावर अॅसिड पडलं की रंग गेला. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर पांढरे डाग पडणारच, आणि कामाला येणाऱ्या बाई अॅसिडची बाटली काढणारच. तसं असेल तर ओल्या कोपऱ्यात शहाबादी घाला, घोटलेली नको, हाताला किंचित खरखरीत लागेल अशी. निसरडी होत नाही आणि बिघडली तरी रडू येत नाही.

पितळी नळांसाठी बोहरी आळी आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार पालथा घाला. जुनी पितळी तोटी वजनाला जड लागते. वॉशर आणि आतला दांडा बदलून ती पुन्हा वीस वर्षं चालते. जुन्या पितळात शिसं असू शकतं, म्हणून आंघोळीला वापरा, पिण्याच्या पाण्याला नको. लॅकर मारलेलं 'अँटिक' पितळ घेऊ नका, लॅकर ठिकठिकाणी सुटून महारोग झाल्यासारखं दिसतं. साधं पितळ घ्या. चिंचेने घासा किंवा काळवंडू द्या.

मोठ्या झारीचा शॉवर घेण्याआधी टाकीची उंची मोजा. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर एक बार दाब मिळतो. तुमच्या टाकीचा तळ शॉवरच्या वर जेमतेम पाच-सहा फूट असेल, म्हणजे दाब पाव बारही नाही. झारीतून पाणी निथळेल, पडणार नाही. टाकी उंच चढवायची तर पुन्हा वजनाचा प्रश्न. छोटा प्रेशर पंप आणि टाकीपासून पाऊण इंची पाइप, हा मार्ग. नाहीतर बादली आणि तांब्या ठेवा. आई तशाही तेच वापरत असतील.

आईंसाठी काही गोष्टी जुन्या रूपाला बाजूला सारून करा. मोरीचा चार इंची कठडा काढा; त्याऐवजी ओला भाग पाऊण इंच खाली आणि मध्ये दगडाची पट्टी. पाणी तेवढ्याने अडतं. भिंतीला धरायचा दांडा हवा, पण चुन्याच्या विटेत साधा प्लग धरत नाही, माणसाच्या वजनाने उपटून येतो. भिंतीच्या पलीकडे हात पोचत असेल तर तिकडून पट्टी लावून आरपार बोल्ट, नाहीतर जाळीची नळी घालून केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट). कमोडची बैठक सतरा-अठरा इंच. आणि सागवानी दार बाहेर उघडेल असं फिरवा, कडी बाहेरून सोडवता येईल अशी. आत कुणी पडलं आणि दार आत उघडणारं असेल तर पडलेल्या माणसालाच दार लागतं.

तुम्ही माळ्यावरच्या तांब्याच्या बंबाचंही लिहिलंय. कल्हई आणि पॉलिशसाठी कसब्यातल्या तांबट आळीत न्या आणि दिमाखात ठेवा, पण बाथरूममध्ये पेटवू नका. तेव्हाची न्हाणीघरं हवेशीर होती, बंब बहुधा बाहेर किंवा मोठ्या धुरांड्यापाशी असे. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही, माणूस झोप लागावी तसा जातो. हाच नियम गॅस गीझरलाही : तो बाथरूमच्या आत कधीच नाही. विजेचा गीझर बाहेरच्या पॅसेजमध्ये, आरपार बोल्टवर, गरम पाण्याचा तेवढा पाइप आत.

पेठेतला वाडा असता तर यातलं निम्मं उत्तर बदललं असतं. तिथे लाकडी कड्या, पेंढ-मातीच्या भिंती आणि भिंतीत शिरलेली तुळयांची कुजलेली टोकं. वरच्या मजल्यावर ओलं बाथरूम करूच नये, मागच्या चौकात खाली करावं असं माझं मत आहे. हे वाचणाऱ्या वाड्यावाल्यांनी वरचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये.

ठेकेदाराला लगेच काढून टाका असं मी म्हणत नाही. तो त्याला येतं ते सांगतोय. त्याला पी ट्रॅप, पातळ वॉटरप्रूफिंग आणि अठ्ठेचाळीस तासांची चाचणी मान्य आहे का विचारा. मान्य असेल तर माणूस चालेल. चुन्याच्या कामाला फक्त वेगळा गवंडी घ्या. पुढचं सांगायला मला तीन गोष्टी लागतील : स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा काढल्यावरचा गर्डरचा फोटो, गंज झाडल्यावर खालच्या पट्टीची जाडी मिलिमीटरमध्ये, आणि दोन गर्डरमधलं अंतर. बाथरूमची कुठली भिंत बाहेरची, तेही एका कागदावर काढून टाका.